कमी दुखणारी लस घडवताना लोकांना सोबत कसं घ्यायचं

टेबलावर बारा पाकिटं मांडली होती. प्रत्येकात नाण्याएवढा एक पॅच, म्हणजे बारीक सुयांतून लस देणाऱ्या, कातडीवर लावायच्या चकतीचा नमुना. लस नसलेला, सुया नसलेला, फक्त दिसायला खऱ्यासारखा. समोर बसलेल्या आजींनी एक पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं, कोपऱ्याला नख लावून पाहिलं, शेवटी दाताकडे नेलं, तेव्हा शेजारच्या मुलीने ते हातातून काढून घेतलं. सांधे आखडलेल्या बोटांना तो चंदेरी कागद फाटत नव्हता. पॅच बनवणाऱ्या तरुण अभियंत्याने सुयांची लांबी, टोक, धार यांच्यावर वर्षभर घाम गाळला होता. पाकीट मात्र कुठल्या तरी कॅटलॉगमधून उचललेलं. "आतलं चांगलंच असणार हो," आजी म्हणाल्या, "पण आत शिरायचं कसं?"

अशा बैठका घडवून आणणं हे माझं काम. लस देण्याची नवी साधनं बनवणारे गट, त्यांच्याबरोबर काम करणारे आरोग्यसेवक आणि 'तुम्हीही या' असं आमंत्रण आलेली साधी माणसं, अशा तिघांनाही उपयोगी पडेल म्हणून कामाची पद्धत इथे लिहून काढते आहे.

आधी 'त्रास' सुटा सुटा करा

लस घेणं सुखकर करायचं म्हटलं की सगळे सुईच्या टोचण्याकडे धावतात. टोचणं दोन-तीन सेकंदांचं. त्याच्या आगेमागे बरंच काही असतं: आदल्या रात्रीची धास्ती, रांगेत पुढचं मूल किंचाळताना ऐकणं, बाही वर सरकत नाही म्हणून चारचौघांत खांदा उघडा करावा लागणं, टोचल्यावर डोळ्यांपुढे आलेली अंधारी, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, आठवडाभर हाताला लागणारी गाठ. यातल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा. दुसऱ्या दिवशीचा दंडाचा ठणका तर बराचसा लशीला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा असतो, सुईच्या भोकाचा कमी. त्यामुळे सुई गेली की ठणका गेला असं समीकरण मांडू नका. तीच लस त्वचेतून दिली तर ठणक्याच्या जागी लाली नि खाज येऊ शकते.

भीती किती पसरलेली आहे याचा अंदाज असावा. टोरांटोमधल्या एका पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, ६३% मुलांनी आणि २४% पालकांनी सुईची भीती वाटते असं सांगितलं. लस चुकवण्याचं मुख्य कारण हीच भीती असलेले मात्र ७-८ टक्क्यांच्या घरात होते. याचा मी लावलेला अर्थ असा: घाबरणारे बहुतेक जण दात-ओठ खाऊन लस घेतातच. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होते आणि त्यांचा त्रास कुणाच्या हिशेबात येत नाही. तुम्हाला शोधायचे आहेत ते हे लोक.

पहिल्या भेटीत त्यांना प्रश्नावली देऊ नका. एवढंच म्हणा: "शेवटची लस घेतली तो दिवस सकाळपासून सांगा." आणि गप्प बसा. लोक सुरुवातीला "काही नाही, गेलो, घेतली, आलो" म्हणतात. मग थोड्या वेळाने, "तशी मी खुर्चीत बसताना दाराकडे तोंड करून बसते" असं काहीतरी निघतं. ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. त्याचं 'चिंताग्रस्त लाभार्थी' असं भाषांतर झालं की त्यातला जीव गेला.

या गप्पांतून निघणाऱ्या बऱ्याच तक्रारींना नवं साधन लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातली वेदना कमी करण्याच्या सूचना दिल्या, त्या साध्या आहेत: स्नायूत सुई गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहू नये, एकाच वेळी अनेक लशी असतील तर सर्वांत झोंबणारी शेवटी द्यावी, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजतानाच लस द्यावी, मोठ्यांनी सरळ बसावं, मुलाजवळ पालक असावा. चक्कर येणाऱ्यांना हातापायांचे स्नायू आवळून-सोडून रक्तदाब टिकवायला शिकवता येतं. लोकांनी सांगितलेलं गाऱ्हाणं यात बसत असेल तर त्याच आठवड्यात ते सुधारून दाखवा. 'पाच वर्षांनी पॅच येईल' या आश्वासनापेक्षा त्याने गटाचा विश्वास जास्त बसतो.

पर्याय स्वतःला नीट माहीत असू द्या, त्यांच्या खोडींसकट

लोकांसमोर जायच्या आधी घरचा अभ्यास हवा. नाहीतर पहिल्याच प्रश्नाला तुम्ही माहितीपत्रकाच्या भाषेत बोलू लागता.

तोंडाने द्यायची लस सगळ्यांना माहीत आहे, पोलिओच्या थेंबांमुळे. पण पोट हे पचवण्यासाठीच बनलेलं असल्याने बहुतेक लशी त्या वाटेने टिकत नाहीत. नाकातला फवारा पुढचा. फ्लूच्या अशा एका फवाऱ्याला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तोच फवारा घरी स्वतः किंवा घरातल्या मोठ्याने द्यायला परवानगी मिळाली. मान्यता आणि घरगुती वापर यांच्यात दोन दशकं गेली, हे गटाला सांगण्यासारखं. आणि नाकाचीही एक वाईट आठवण आहे: २०००-०१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये वापरलेल्या वेगळ्या एका फ्लू-फवाऱ्यानंतर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याचे प्रकार वाढलेले दिसले आणि ते उत्पादन मागे घेतलं गेलं. सुई नाही म्हणजे धोका नाही, असं कुणाच्या मनात बसू देऊ नका.

दाबाच्या फवाऱ्याने त्वचा भेदणारी यंत्रं सैन्यात आणि मोठ्या मोहिमांत अनेक दशकं वापरली गेली. एकच तोंड अनेकांना लावलं जायचं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात अशा यंत्रामुळे हिपॅटायटिस बी पसरला, आणि त्या जातीची यंत्रं हळूहळू बाद झाली. आजच्या यंत्रांत त्वचेला लागणारा भाग एकदाच वापरून टाकायचा असतो. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही कोविडवरची डीएनए लस अशाच यंत्राने द्यायची होती. सुई नाही, पण तीन मात्रा आणि प्रत्येक खेपेला दोन फवारे. 'सुई एकदा की फवारा सहा वेळा?' हा प्रश्न गटापुढे ठेवून पाहा. एकमत होत नाही.

सध्या सगळ्यांत जास्त आशा सूक्ष्म सुयांच्या पॅचवर आहे. दंडात जाणारी नेहमीची सुई २५ मिलिमीटरच्या आसपास. पॅचच्या सुया एक मिलिमीटरपेक्षाही आखूड, त्वचेचा वरचा मृत थर ओलांडण्यापुरत्या, आणि काही प्रकारांत त्या लशीसकट त्वचेत विरघळून जातात. २०१५ मध्ये अटलांटात १०० प्रौढांवर फ्लूच्या पॅचची पहिली चाचणी झाली. सुयांची लांबी ०.६५ मिलिमीटर, पॅच २० मिनिटं ठेवायचा, आणि एका तुकडीने तो स्वतःच स्वतःला लावला. पॅच घेतलेल्यांपैकी सुमारे ७०% जणांनी पुढच्या वेळी इंजेक्शन वा नाकाऐवजी पॅचच हवा असं सांगितलं. गोवर-रुबेलाचा पॅच गांबियात ४५ प्रौढ, १२० चालती-बोलती मुलं आणि १२० तान्ही बाळं यांच्यावर तपासला गेला. निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. तिथे पॅच ५ मिनिटंच ठेवायचा होता. गरीब देशांना लशी मिळवून देणारी 'गावी' ही संस्था, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी मिळून २०२० मध्ये लस देण्याच्या नव्या तंत्रांचा प्राधान्यक्रम ठरवला, त्यात या पॅचना वरचं स्थान दिलं.

२० मिनिटं आणि ५ मिनिटं यांतला फरक कागदावर लहान वाटतो. दीड वर्षाच्या मुलाचा दंड धरून बसलेल्या आईला विचारा.

वरातीमागून घोडं नको

सर्वांत जास्त पाहिलेली चूक ही: साधन तयार, साचे बनले, मान्यतेचे कागद अर्धे भरले, आणि आता 'लोकसहभाग' हा रकाना रिकामा आहे म्हणून बैठक बोलावली. लोकांनी पाकिटाबद्दल सांगितलं तरी पाकीट बदलता येत नाही, कारण साठवणुकीच्या चाचण्या त्याच पाकिटात झालेल्या असतात.

त्यामुळे पहिली बैठक बोलावण्याआधी संशोधकांना खोलीत बसवून एक यादी करून घ्या. कोणते निर्णय अजून उघडे आहेत, कोणते मिटले आहेत, आणि मिटलेले का मिटले. पॅच अंगावर कुठे लावायचा, किती वेळ, नीट लागला हे कसं कळणार, पाकिटावर काय लिहायचं, कोणी लावायचा, दुखणं कशाने मोजायचं, चाचणीत किती खेपा यायला लावायचं: या गोष्टी बऱ्याच काळ उघड्या असतात. लशीतला जंतूचा भाग, मात्रेचं गणित, सुरक्षेच्या अटी या सहसा मिटलेल्या. ही यादी लोकांना पहिल्याच दिवशी दाखवा. जे बदलणार नाही त्याबद्दल मत मागणं हा अपमान आहे, आणि लोकांना तो लगेच समजतो.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या पायऱ्यांवर तोंडदेखलं बोलावणं, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि प्रत्यक्ष अधिकार. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात ते स्वतःशी कबूल करा. मधल्या पायरीवर असायला हरकत नाही. मधल्या पायरीवर बसून 'भागीदारी' म्हणायला हरकत आहे.

न विचारण्याची किंमतही मोठी असते. २००४-०५ मध्ये एचआयव्ही रोखणाऱ्या एका औषधाच्या कंबोडिया आणि कॅमेरूनमधल्या चाचण्या स्थानिक लोक आणि कार्यकर्ते यांच्या विरोधानंतर थांबल्या. त्यानंतरच, २००७ मध्ये, यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम आणि एचआयव्ही रोखण्यासाठी काम करणारी अव्हाक ही संस्था यांनी चाचण्यांत लोकांना कसं सामील करावं याची मार्गदर्शिका काढली. ती एचआयव्हीपुरती लिहिलेली असली तरी लशीच्या कामाला तशीच लागू पडते.

एक गल्लत टाळा. चाचणीत लस टोचून घेणारा, मुलाखत देणारा आणि सल्लागार गटात बसणारा या तीन वेगळ्या भूमिका आहेत. सल्लागाराच्या कातडीवर काहीही लावायचं ठरलं, अगदी रिकाम्या सुयांचा पॅच का असेना, की तो सल्ला राहत नाही. आधी नैतिकता समितीकडे जा, संमतीपत्र घ्या.

कोणाला बोलवायचं

जाहिरात लावली की तीन प्रकारचे लोक येतात: निवृत्त, उत्साही आणि विज्ञानाची आवड असलेले. चांगले असतात, पण एवढ्या शितावरून भाताची परीक्षा होत नाही. सुईच्या भीतीने लस टाळणारा माणूस 'लस-संशोधनात सहभागी व्हा' या पत्रकाकडे फिरकणारही नाही, त्यातून पत्रकावर सिरिंजचं चित्र असेल तर मुळीच नाही. आमच्या पहिल्या पत्रकावर ते होतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

माझ्या यादीत हे लोक असतातच: सुईला घाबरणारे, रोज स्वतःला इंजेक्शन घेणारे मधुमेही, कारण सुईशी संसार कसा करायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, लहान मुलांचे आई-वडील, दहा ते पंधरा वयाची मुलं, हाताला कंप किंवा बोटांत ताठरपणा असलेले, अंध किंवा कमी दिसणारे, सावळ्या-काळ्या त्वचेचे, ज्यांच्या अंगावर लाली दिसत नाही पण डाग मागे राहतो, जखमेची गाठ फुगणारी त्वचा असलेले, दंडावर दाट केस असलेले. हे शेवटचं वाचून हसू येतं, पण केसांवर पॅच नीट टेकतो का आणि ओढून काढताना काय होतं हा पहिल्या तासाभरात आलेला प्रश्न होता.

आणि लस देणाऱ्या परिचारिका, आरोग्यसेविका. दिवसाला शंभर दंड पाहणारी बाई साधनाकडे बघून जे सांगते ते सोन्यासारखं. पण त्यांची बैठक वेगळी घ्या. त्यांच्यासमोर लोक "माझं दुखलं" म्हणायला कचरतात, आणि लोकांसमोर त्याही "घाईत आम्ही ही पायरी गाळू" असं कबूल करत नाहीत. दोन्ही कबुल्या तुम्हाला हव्या आहेत. एकदा वेगवेगळं बोलून झालं की मग एकत्र बसवा.

लस नाकारणाऱ्यांनाही एक-दोन खुर्च्या ठेवा. वाद होईल या भीतीने त्यांना वगळलं की गटात सगळे हो ला हो म्हणतात.

गट आठ ते बारा जणांचा बरा. त्याहून मोठा झाला की चार बोलतात, बाकीचे चहाची वाट बघतात.

मानधन, प्रवासखर्च, मुलं सांभाळायची सोय, संध्याकाळची किंवा सुट्टीची वेळ, जिना नसलेली खोली. हे सगळं अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच लिहा. संशोधक पगारावर बसलेले आणि लोक फुकट, या मांडणीत बरोबरी येत नाही.

वस्तू हातात द्या आणि तोंड बंद ठेवा

सगळ्या कामातलं हे सत्र मला सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर.

नमुने तीन-चार प्रकारचे करा, आणि मुद्दाम थोडे ओबडधोबड. गुळगुळीत, छापील पाकीट दिसलं की लोकांना वाटतं, झालं की सगळं, आता काय बोलायचं. पुठ्ठा, चिकटपट्टी, पेनने लिहिलेल्या खुणा असलेला नमुना पाहिला की ते कात्री मागतात. नमुन्यात सुया नसाव्यात. अंगावर लावून बघायचा असेल तर चिकटद्रव्याची ॲलर्जी कुणाला आहे का, ते आधी विचारा.

सत्राला तीन कामं पुरतात. एक, पाकीट उघडून पॅच बाहेर काढा. दोन, सूचना वाचून तो सांगितलेल्या जागी लावा. तीन, काढा आणि टाकून द्या. सांगायचं तेवढंच सांगा आणि मागे बसा. मदत करायची नाही, मान हलवायची नाही, "बरोबर!" म्हणायचं नाही. पहिल्या वेळी हे फार जड जातं. एका सत्रात एक गृहस्थ संरक्षक पापुद्रा न काढताच पॅच दंडावर दाबून बसले होते, वेळ लावून, अगदी मन लावून. आमचा अभियंता खुर्चीत चुळबुळत होता. मी त्याच्या पायावर पाय ठेवला. पाच मिनिटांनी गृहस्थ म्हणाले, "झालं वाटतं. काही जाणवलं नाही, म्हणजे चांगलाच आहे!" त्या वाक्याने साधनाला आवाज मिळाला. पुढच्या नमुन्यात पुरेसा दाब पडला की टिक वाजायचं.

इंजेक्शनमध्ये टोचल्याची जाणीव हीच पावती असते. दुखणं काढून टाकलंत की ती पावतीही जाते, आणि लस मिळाली की नाही ही नवी धाकधूक सुरू होते. हे आम्हाला लोकांनी शिकवलं. टिक आवाज, रंग बदलणारा ठिपका, पॅचच्या मागे विरघळलेल्या सुयांची रिकामी जागा दाखवणारी खूण: कोणती पावती कुणाला पटते हे विचारून घ्या. ऐकू न येणाऱ्याला टिकचा उपयोग नाही, रंगांधळ्याला ठिपक्याचा नाही.

बघताना काय टिपायचं? हात कुठे थबकला. सूचना किती वेळा परत वाचली. कुणी चष्मा काढला-घातला. पॅच कुठे चिकटला, दंडावर की आधी बोटाला. काढल्यावर त्याचं काय केलं. दोघांनी खिशात टाकला, एकाने टेबलाच्या कडेला चिकटवला. लहान मूल असलेल्या घरात टेबलाची कडा म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

सुरुवातीच्या फेऱ्यांना पाच-सहा जण पुरतात. मोठ्या चुका एवढ्यांतच दिसतात, त्या दुरुस्त करून पुढची फेरी घ्यायची. शेवटची, नियामकाला दाखवायची चाचणी वेगळी. अमेरिकी औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात वापरणाऱ्यांच्या प्रत्येक प्रकारातून किमान १५ जण घ्यायला सांगितलं आहे. स्वतः लावणारे प्रौढ एक प्रकार, मुलाला लावणारे पालक दुसरा, परिचारिका तिसरा.

मुलांबरोबर वेगळं वागायचं. पालकांची संमती लागतेच, पण मुलाला स्वतंत्र विचारायचं आणि त्याचं 'नाही' म्हणजे नाही. दुखणं मोजायला चेहऱ्यांची पट्टी वापरतात, ० पासून १० पर्यंत. पण भीती आणि दुखणं यांना वेगळे आकडे द्या. लहान मुलं दोन्ही एकाच चेहऱ्यावर ठेवतात आणि मग तुमच्या साधनाने काय कमी केलं ते कळत नाही. लस घेण्याआधी "किती दुखेल असं वाटतं?" आणि नंतर "किती दुखलं?" हे दोन प्रश्न जोडीने विचारा. आणि "अजिबात दुखणार नाही बरं का" असं म्हणणाऱ्या मोठ्यांना खोलीबाहेर ठेवा. मुलं ते एकदाच खपवून घेतात.

घासाघीस उघड्यावर करा

प्रत्येक पर्यायात काही मिळतं, काही जातं. त्यासाठी मी पत्त्यांचा खेळ करते. प्रत्येक पत्त्यावर एकच गोष्ट: कमी दुखतं, डाग राहत नाही, एकाच खेपेत काम होतं, घरी घेता येतं, पाच मिनिटांत संपतं, झाकलेल्या जागी लागतं, जुनं आणि पारखलेलं आहे. प्रत्येकाने तीनच पत्ते हातात ठेवायचे, बाकीचे खाली टाकायचे. टाकताना का टाकला ते मोठ्याने सांगायचं. ते 'का' महत्त्वाचं; पत्त्यांची बेरीज करून टक्केवारी काढत बसू नका, बारा जणांची टक्केवारी कसली.

एका खेळात तरुणांनी 'डाग राहत नाही' घट्ट धरून ठेवला आणि वयस्करांनी तो पहिल्या फटक्यात टाकला. एकटी राहणारी एक बाई 'घरी घेता येतं' टाकताना म्हणाली, "घेतल्यावर काही झालं तर घरी बघायला कोण आहे?" संशोधकांनी घरगुती वापर हा निर्विवाद फायदा म्हणून लिहून ठेवला होता.

इतिहासातलं उदाहरण द्यायचं तर फुप्फुसात ओढायच्या इन्सुलिनचं. एक्झुबेरा नावाने २००६ मध्ये ते बाजारात आलं. सुई नाही, म्हणजे झुंबड उडेल असा हिशेब. यंत्र मात्र एवढं मोठं की चारचौघांत तोंडाला लावायला संकोच वाटावा. २००७ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. कारणं इतरही होती, पण लोक सुई सोडून वाटेल ते घेतील हा समज तिथे मोडला. लशींतही, फ्लूची दीड मिलिमीटर सुईने त्वचेत द्यायची लस टोचताना सौम्य असली तरी लाली, सूज, खाज नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जास्त दाखवायची. हे लोकांना आधीच सांगितलं तर बरेच जण "चालेल" म्हणतात. नंतर अंगावर दिसलं तर तीच लाली म्हणजे फसवणूक.

माझं एक हट्टाचं मत: 'वेदनारहित' हा शब्द कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. 'कमी दुखणारी' लिहा, आणि कशापेक्षा कमी तेही लिहा.

पॅचमध्ये चिप आहे का?

हा प्रश्न येतो. हसू नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्म सुयांमधून त्वचेखाली अदृश्य रंगकण सोडून लसीकरणाची नोंद ठेवण्याचा प्रयोग खरोखर प्रसिद्ध केला होता. त्यात चिप नव्हती, माग काढण्याची सोय नव्हती, पण अफवांना धरायला तेवढा धागा पुरला. म्हणून "काहीतरीच काय" या उत्तराने माणूस कायमचा हातचा जातो. काय होतं, काय नव्हतं, आणि आपल्या पॅचमध्ये नेमके कोणते घटक आहेत, हे तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. सुयांचा मालमसाला बऱ्याचदा विरघळणारी साखर आणि पॉलिमर अशा जातीचा असतो. नमुना हातात द्या, भिंग द्या, पाण्यात टाकून विरघळताना दाखवा. विचारणाऱ्यालाच टाकू द्या.

बदल-वही

एक साधी वही, चार रकाने: कोण म्हणालं (नाव नको, 'पालक', 'परिचारिका' एवढं पुरे), काय म्हणालं, आम्ही काय केलं, नाही केलं तर का नाही. माझ्या एका वहीतल्या ओळी अशा होत्या. 'पाकीट उघडत नाही': कोपऱ्यात न चिकटवलेली जीभ ठेवली. 'पॅच मुलांसाठी चित्राचा हवा': नाकारलं, कारण मूल खेळणं समजून स्वतःच काढेल किंवा दुसऱ्याला लावेल अशी भीती परिचारिकांनी घातली. 'आंघोळ केली तर चालेल का?': उत्तर तेव्हा आमच्याकडेच नव्हतं, ते शोधायला चाचणीत एक प्रश्न वाढवला. 'पाठीवर लावा, तिथे मुलाचा हात पोचत नाही': अजून विचाराधीन.

प्रत्येक बैठकीची सुरुवात या वहीने करा. चौथा रकाना कोरा दिसला तर संशोधकाला उभं करून विचारायचा हक्क गटाला द्या. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा रकाना भरून येतो. पुढे शोधनिबंध लिहायची वेळ आली तर सहभागाची माहिती कशी मांडावी यासाठी २०१७ ची ग्रिप-२ ही तपासयादी आहे, आणि वही नीट ठेवली असेल तर ती भरायला एक दुपार पुरते.

काम थांबलं तर

बहुतेक साधनं बाजारापर्यंत पोचत नाहीत. पैसा संपतो, चाचणीत प्रतिसाद कमी पडतो, कंपनी दिशा बदलते. संशोधकांना हे सवयीचं असतं. दोन वर्षं दर महिन्याला येणाऱ्या माणसाला नसतं. त्याला बातमी वर्तमानपत्रातून कळू नये. आम्ही आता सुरुवातीलाच ठरवतो की प्रकल्प थांबला तर आठवड्याभरात कोण फोन करणार, आणि शेवटची एक बैठक मानधनासह होणार. त्या बैठकीला वही मधे ठेवतो, आणि 'आम्ही काय केलं' या रकान्यातल्या कोणत्या गोष्टी पुढच्या साधनाला लागू पडतील त्यावर खुणा करायला सांगतो.

अशाच एका शेवटच्या बैठकीला त्या आजी आल्या होत्या. पॅच बारगळला होता. त्यांनी वही चाळली, पाकिटाच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढून अभियंत्यासमोर ठेवली. "ही पण उघडत नाही," म्हणाल्या.